वाम, निवटी आणि आमची आत्या

आमची आत्या टीव्हीतल्या माणसांना हाका मारून सावध करायची. पडद्यावर कुणी अंधाऱ्या खोलीचं दार उघडायला निघालं, की ही लादीवरून अर्धी उठून ओरडायची, "अरे ए, तितं जाऊ नको! मागं उभा हाय तो!" तो माणूस जायचाच. मग आत्या कपाळावर हात मारून आमच्याकडे वळायची. "बगितलास? आयकत नाय. शिकलेला हाय ना!" शेवटचा टोमणा माझ्यासाठी असायचा, कारण त्या खोलीत शिकलेली मी एकटीच.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सारसोळ्याच्या गावठाणात आमचं घर, खाडीकडे तोंड करून बसलेलं. मागे नेरूळच्या इमारती चढत गेल्या, तरी घराने कधी मान वळवून बघितलं नाही. बाबांची होडी आणि आत्याची बाजारातली जागा यावर आमचं चालायचं. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. माहेरी आली आणि दुसऱ्या आठवड्यात पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जाऊन बसली. तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा तिला आत्याच म्हणायच्या. कुणाची पाटी कुणाच्या जागेत सरकली, नव्या सुनेला कुठे बसवायचं, वॉर्ड ऑफिसात साहेबांशी कुणी बोलायचं, हे सगळं आत्याकडे. तिला कुणी निवडून दिलं नव्हतं. तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता, तेवढं पुरलं.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे सांगताना मी लाजत नाही, आणि आत्या तर मुळीच लाजायची नाही. बाजारात ती माझं नाव घ्यायचीच नाही. "आमची बी.कॉम. आली, सरका." एखादं गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं, की सुरा खाली ठेवून म्हणायची, "ताई, माज्या घरान बी.कॉम. हाय. मना हिशोब नका शिकवू." माझ्या पदवीचा एवढा उपयोग मला स्वतःलाही अजून करता आलेला नाही.

मला बेलापूरच्या एका कंपनीत नोकरी लागली. तिथे सुट्टी आळीपाळीने असायची, मी गुरुवार मागून घेतला. गुरुवारी अर्धं नेरूळ मासे खात नाही, त्यामुळे दुपारी बाजार ओस. आत्या घरी आणि मी पण घरी. पहिल्या बोनसमधून मी मोठा टीव्ही घेतला, इंटरनेट घेतलं. आणि त्याच सुमारास ती राजकारणाची हिंदी मालिका आली. मूळची ब्रिटिश, आपल्याकडे आणताना नव्याने केलेली. ऑफिसात सगळे तिच्यावरच बोलत होते. एक गट म्हणायचा आपली भारी, दुसरा म्हणायचा ओरिजिनल बघितल्याशिवाय तोंड उघडू नका. मला तोंड उघडायचं होतं, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर मूळ मालिकाही बघून काढली, खालची इंग्रजी अक्षरं वाचत वाचत. आणि आमच्या घरी गुरुवारी दुपारी आत्यासोबत हिंदीवाली. पहिल्या भागाला आम्ही दोघी होतो. चौथ्या भागाला बाजारातल्या बायकांनी खोली भरली, आणि चपलांचा ढीग शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेला.

मालिकेतली नावं आत्याच्या लक्षात राहायची नाहीत. सगळे पुरुष पांढऱ्या कुडत्यातले आणि सगळ्यांची आडनावं दिल्लीकडची. तेव्हा तिने माणसांना माशांची नावं दिली. पक्षाचा म्हातारा अध्यक्ष म्हणजे जिताडा: मोठा, मानाचा, पण आता जाळ्यात शिरलेला. दर भागात पक्ष बदलणारा आमदार म्हणजे निवटी. निवटी आमच्या खाडीतली. घटकेत चिखलात, घटकेत पाण्यात, उड्या मारत असते. कणा नसलेला सेक्रेटरी म्हणजे बोंबील. आणि अध्यक्षाच्या उजव्या हाताला बसून गोड हसणारा, सगळ्यांचा काटा काढणारा तो दोन नंबरचा नेता म्हणजे वाम. "हातान येतो असा वाटतो आन सटकतो. आन सटकताना चावतो." ऑफिसात मी एकदा बोलून गेले, "काल वामने निवटीला बरोबर घोळात घेतलं," तर टीम लीडर माझ्याकडे बघतच राहिला.

या वामची एक सवय होती. ज्याला संपवायचं, त्याला तो आदल्या दिवशी आपल्या हाताने पेढा भरवायचा. पेढ्याचा डबा दिसला रे दिसला की आमच्या खोलीत गलका. "खाऊ नको रे!" आत्या ओरडायची. "थुक! थुक तो पेढा!" शेजारची सुगंधा तिच्यावर ओरडायची, "आत्या, आयकू दे ना, काय बोलतो तो!" "आयकून काय करतेस? पेढा दिसला ना? संपला तो!"

सुगंधाबद्दल सांगायला हवं. बाजारात रस्त्याच्या तोंडाशी आत्याची जागा आणि तिला लागून सुगंधाची. वयाने आत्याहून बरीच लहान, जिभेने बरोबरीची. "तुजी पाटी माज्या जागेत आली" यावरून सकाळी भांडण सुरू व्हायचं ते आत्याच्या सासरपर्यंत आणि सुगंधाच्या माहेरपर्यंत जायचं. नवं गिऱ्हाईक घाबरून निघून जायचं. जुनं गिऱ्हाईक थांबायचं, कारण मध्येच दोघी एकाच कटिंगमधला चहा बशीत ओतून अर्धा अर्धा घ्यायच्या आणि पुन्हा भांडायला लागायच्या. मी लहानपणी आत्याला विचारलं होतं, ती एवढी वाईट आहे तर तिच्याशी बोलतेस कशाला? तेव्हा आत्याने सांगितलेलं मी आजवर विसरले नाही. "आवाज हाय तवर भांडन, पोरी. आवाज गेला का वैर."

म्हणूनच तिला मूळ ब्रिटिश मालिका आवडली नाही. बायकांच्या आग्रहावरून एका गुरुवारी मी तिचा एक भाग लावला आणि मराठीत सांगत गेले. गोरे लोक मऊ खुर्च्यांत बसून, कपातला चहा ढवळत, ओठ न हलवता एकमेकांची राखरांगोळी करत होते. आत्या पहिल्यांदाच गप्प बसून बघत होती. संपल्यावर म्हणाली, "यांच्या भांडनान आवाजच नाय गो. ही मानसं वाईट. आपला वाम बरा, निदान टेबलावर हात तरी आपटतो." दमयंती नावाची एक बाई होती, तिला फक्त शेवटात रस. "बी.कॉम., गोऱ्यांच्यात शेवटी खुर्ची कोनाला मिलते, तेवढा सांग." मी सांगितलं नाही. ज्ञान एकदम वाटून टाकलं की कुणी विचारत नाही, हे मी कॉलेजात शिकले होते.

त्याच दिवसांत बाजाराचं ठरलं. पत्र्याची जुनी शेड जाऊन शेजारीच पक्की इमारत बांधून झाली होती, पांढऱ्या लाद्यांच्या ओट्यांची. प्रश्न एवढाच होता की कोणता ओटा कुणाला. दाराकडचे ओटे म्हणजे चालता धंदा. मागे कोपऱ्यात, गटाराच्या झाकणापाशी जो ओटा होता, तिथवर गिऱ्हाईक कशाला येईल? वॉर्ड ऑफिसातून निरोप आला: तुम्ही सगळ्या मिळून एकमताने ठरवून सांगा. नाही जमलं तर आम्ही आमच्या पद्धतीने वाटू, आणि त्यात ज्या उरतील त्यांना दुसऱ्या सेक्टरच्या बाजारात बसावं लागेल. म्हणजे अर्ध्या इथे, अर्ध्या तिथे. सासूने सुनेला, आईने मुलीला दिलेल्या जागा होत्या त्या. बाजार फुटला असता. आत्याला रात्रंदिवस एकच घोर: बाजार एकत्र आत गेला पाहिजे.

एरवी तिने ते दोन दिवसांत जमवलं असतं. पण मध्ये आला वाम. मालिका बघून बायकांची नजरच बदलली. साधी गोष्ट कुणी साधी घेईना. "कालपासून ती मना ताई बोलते. कायतरी शिजतंय." "तिनं माज्या पाटीवर स्वताचा बरफ टाकला, फुकट. कशाला टाकला असंल?" दोघी बोलत उभ्या राहिल्या की तिसरी पाण्याचं निमित्त काढून जवळून जायची. तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगते. वाढवत नाही. आमच्या ऑफिसातही तेव्हा असंच चाललं होतं, फक्त तिथे ते ईमेलवर होतं.

आणि मग तो पेढा. सुगंधाच्या मुलाला जासईच्या कंटेनर यार्डात नोकरी लागली. शुक्रवारी सकाळी, भर धंद्याच्या वेळी, ती पेढ्यांचा डबा घेऊन आली आणि सगळ्यांत आधी आत्याच्या समोर धरला. मी ऑफिसला जाता जाता आत्याचा डबा द्यायला थांबले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. आदल्याच दिवशी वामने जिताड्याला पेढा भरवला होता. दमयंती पलीकडून ओरडली, "आत्या, खाऊ नको गो!" सगळ्या हसल्या. आत्याही हसली. पण तिचा पुढे आलेला हात तिथेच थांबला, आणि ती म्हणाली, "ठेव तितं. मंग खाते."

सुगंधा हसली नाही. तिने डब्याचं झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. आत्याने हाक मारली, "अगो, थट्टा केली!" सुगंधाने मान खाली घालून मासा कापायला घेतला. दुसऱ्या दिवशी आत्याने मुद्दाम आपली पाटी वीतभर तिच्या जागेत सरकवली. सुगंधाने स्वतःची पाटी वीतभर मागे घेतली आणि गिऱ्हाइकाकडे बघत राहिली. गुरुवारी ती मालिका बघायला आली नाही. तिच्या बाजूच्या बायकाही आल्या नाहीत. बाजारात दोन तट पडले. जुनी गिऱ्हाइकं विचारायला लागली, "आज भांडण नाही का?" आत्या घरी येऊन म्हणाली, "बाजारान आवाज कमी झाला गो." ती हे ज्या स्वरात म्हणाली, त्या स्वरात मी तिला फक्त बाबांची होडी वादळात उशिरा परतली तेव्हा बोलताना ऐकलं होतं.

शेवटचा भाग आला तेव्हा खोली अर्धीच होती. वामला खुर्ची मिळाली. जिताडा, बोंबील, निवटी, सगळ्यांचा निकाल लावून तो एका मोठ्या दिवाणखान्यात एकटा बसला, आणि चहा आणायला सांगायचं तर खोलीत कुणीच उरलेलं नाही, इथे मालिका संपली. मूळ ब्रिटिश मालिकेत शेवटी टाळ्या होत्या, गर्दी होती. आपल्यावाल्यांनी गर्दी काढून टाकली होती. ऑफिसात दुसऱ्या दिवशी यावरून तुंबळ युद्ध झालं. मला मात्र आमचा शेवट जास्त खरा वाटला, आणि मी तसं टीम लीडरच्या तोंडावर सांगितलं. दमयंतीचं म्हणणं वेगळंच. "चोराला खुर्ची दिली! बी.कॉम., यांचे पैशे भरू नको पुढच्या महिन्याला."

त्या भागात आत्या एकदाही ओरडली नाही. बायका गेल्या, मी टीव्ही बंद केला, तरी ती पडद्याकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "पोरी, मी तशी हाय का गो?"

"कशी?"

"वामसारकी. इतकी वर्सं त्या जागेवर बसले. कोन कुठं बसंल ते मीच बोलले. कोनाला इचारला नाय."

दुसरं कुणी असतं तर मी काहीतरी गोड बोलले असते. आत्याशी गोड बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. "थोडी आहेस," मी म्हटलं.

"थोडी म्हंजे? जिताड्यायेवढी का सुकटीयेवढी?"

"बोंबलाएवढी."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग सुदरायला अजून येल हाय."

दोन दिवसांनी तिने सगळ्यांना नव्या इमारतीत बोलावलं. दोन्ही तट आले, दोन बाजूंना उभे राहिले. आत्याने आधीच मला विचारलं होतं, तुमच्या शिकल्यासवरल्यांत अशी वाटणी कशी करतात? मी म्हटलं होतं, चिठ्ठ्या टाकतात. मी चिठ्ठ्या करूनही नेल्या होत्या, छान चौकोनी. पण मी त्या पातेल्यात टाकते न टाकते तोच एकजण म्हणाली, "चिठ्ठी नको. वामनी काय केला होता? एक चिठ्ठी फ्रिजरान ठेवली आन गार लागली ती उचलली." खरंच सातव्या भागात तसं होतं. मी म्हटलं, "अहो काकी, इथे कुठे फ्रिजर?" त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मीच खाली बघितलं. मासळी बाजारात उभी राहून मी विचारत होते, बर्फ कुठे आहे.

"बी.कॉम., ठेव ते पातेलं," आत्या म्हणाली. "होडीवर वाटे पाडतान तसा करू."

हे माझ्या वाचकांपैकी खाडीकडच्यांना सांगायला नको, इतरांना सांगते. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे ढीग घालतात, जेवढी माणसं तेवढे वाटे. सगळे सारखे कधीच होत नाहीत. मग एकजण सगळ्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर हात ठेवून विचारतो, हा कोनाचा? पाठ केलेला माणूस नाव घेतो. ज्याचं नाव येईल त्याने वाटा उचलायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. हात ठेवणाऱ्याचं आणि नाव घेणाऱ्याचं नाव शेवटी येतं, त्यातही नाव घेणाऱ्याचं अगदी शेवटी. मी लहानपणी बाबांच्या होडीवर हे शंभरदा बघितलं आहे.

"पन दोघींचा जमलेला असला तर?" दमयंतीने विचारलं. मालिका तिच्या अंगात पुरती भिनली होती.

"म्हनूनच," आत्या म्हणाली. "पाठ करून मी उभी ऱ्हाते. हात सुगंधा ठेवंल. आमचं दोघींचं जमलेलं हाय, असा बोलायची कोनाची हिंमत हाय का?"

मग कुणीतरी फिसकन हसलं. दोन्ही बाजूंनी. सुगंधा मात्र तशीच, हाताची घडी घालून. आत्याने तिच्याकडे बघितलं नाही, सगळ्यांकडे बघून बोलली. "त्या सिरियलीन ज्यानी पाठ दाखवली तो मेला. आपल्या होडीवर ज्याची पाठ, त्यालाच वाटा सांगायचा हक. आता आपन कुठं ऱ्हातो ते तुमी बगा." एवढं बोलून ती भिंतीकडे गेली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि पाठ करून उभी राहिली. ती तशी बराच वेळ उभी होती. आपल्या आत्याची पाठ एवढी वाकली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी सुगंधाच्या बांगड्या वाजल्या. तिने मधल्या रांगेतल्या एका ओट्यावर थापटी मारली. "यो कोनाचा?"

"दमयंतीचा," भिंतीकडून आवाज आला.

मग सुरूच झालं. थाप, प्रश्न, नाव. थाप, प्रश्न, नाव. कुणाला पुढचा मिळाला, कुणाला मागचा. आत्याच्या खास मैत्रिणीला खांबाआडचा आला आणि आत्याशी कधी न पटणारीला खिडकीचा. शब्द कुणी काढला नाही. हळूहळू दोन बाजूंच्या बायका आपापल्या ओट्यापाशी जाऊन उभ्या राहायला लागल्या, तशा बाजू राहिल्याच नाहीत.

अर्ध्यावर आल्यावर दमयंतीने मला कोपर मारलं. "बग, बग, सुगंधा काय करते." मी बघितलं. सुगंधा दारातल्या, सगळ्यांत चांगल्या ओट्याजवळून जायची, पण त्याच्यावर हात ठेवायची नाही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ती त्याला वळसा घालून गेली. शेवटी दोनच ओटे उरले: दारातला आणि गटाराच्या झाकणाजवळचा. नावंही दोनच उरली. रिवाजाप्रमाणे आधी सुगंधाचं, मग आत्याचं. सुगंधा हळूहळू चालत मागच्या कोपऱ्यात गेली. तिने ठरवून तो घाण ओटा स्वतःच्या नावासाठी ठेवला होता, म्हणजे दारातला आपोआप आत्याला जाईल. आता सगळ्यांच्याच लक्षात आलं.

गटाराचं झाकण लोखंडी होतं. त्याच्यावर पाय पडला की खणकन वाजायचं. ते वाजलं.

"यो कोनाचा?" सुगंधाने विचारलं.

आत्याने पाठ फिरवली होती, कान फिरवले नव्हते. ती म्हणाली, "माजा."

"काय?" सुगंधा किंचाळली. "तुजा कसा? आधी माजा नाव! रिवाज काय हाय?"

"तोंड माजा हाय. मना वाटंल ते नाव घेन."

"तोंड तुजाच हाय गो, गावाला म्हाईत हाय! इतकी वर्सं दारान बसलीस, आन आता गटारावर बसून मना नावं ठेवतील लोकं! बोलतील सुगंधानी म्हातारीला कोपऱ्यान टाकली! ह्योच डाव हाय ना तुजा? वाम मेली!"

आत्या वळली. तिचा चेहरा असा फुलला होता, की जणू तिची हरवलेली बांगडी सापडली आहे. "वाम कोनाला बोलतेस? तुज्या आयला बोल! पाटी सरकवत सरकवत शेवटी दारान गेलीस का नाय? बस आता तितं! उंद्यापासून वार्ड ऑफिसान पन तूच जा, माजं गुडघं गेलं!" आणि त्या रिकाम्या नव्या इमारतीत, लाद्यांवर आवाज आपटत, दोघींचं असं भांडण जुंपलं की बाहेरचे रिक्षावाले आत डोकावून गेले. बायका पोट धरून हसत होत्या. दमयंती डोळे पुसत ओरडली, "शेवटचा वाटा जमलेला होता! चिटिंग हाय ही!" सबंध वाटणीत फसवाफसवी झाली ती तेवढी एकच, आणि तिच्याबद्दल कुणीही तक्रार केली नाही.

आवाज बसल्यावर आत्याने विचारलं, "तो पेढा हाय का संपवलास?"

"कवाच संपला. आता काय तुज्यासाठी पोरग्याला परत नोकरीला लावू?"

पण सोमवारी, नव्या बाजारात पहिल्याच सकाळी, तिने पाव किलोचा डबा आणला आणि माशांनी माखलेल्या हाताने एक पेढा आत्याच्या तोंडात कोंबला. आत्या डोळे मिटून चावत म्हणाली, "मेले मी," आणि दुसरा मागितला.

कोपऱ्यातल्या ओट्याचं पुढे बरंच झालं. आत्याकडूनच मासळी घेणारे लोक होते, ते तिला शोधत मागे जायला लागले. जाताना सगळा बाजार ओलांडावा लागायचा, मग मधल्यांकडूनही काही ना काही घेतलं जायचं. सुगंधा वॉर्ड ऑफिसात जाऊ लागली, आणि खरं सांगायचं तर आत्यापेक्षा नीट बोलायची. हे मी आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मंग? माज्याशी भांडून भांडून तयार झाली ती."

आत्या जाऊन आता वर्ष झालं. बाजार त्या दिवशी बंद होता, गुरुवार नसतानाही. मी लग्न होऊन करंजाड्याला राहायला आले होते, चौथ्या मजल्यावर. मालिकेचा दुसरा सीझन आला तेव्हा सुगंधा, दमयंती आणि बाकीच्या रिक्षा करून आमच्याकडे आल्या, सोबत माझ्यासाठी सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पिशवी. पहिल्याच भागात नवा कुणीतरी अंधाऱ्या खोलीकडे निघाला आणि सुगंधा उठून ओरडली, "अरे ए, तितं जाऊ नको!" मग एकदम माझ्याकडे वळून, "आयकत नाय. शिकलेला हाय ना." हसता हसता आम्ही सगळ्याच थोडा वेळ टीव्हीकडे बघितलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत पार्किंगवरून पेटलं. जागा कमी, गाड्या जास्त, आणि दर मीटिंगला संशय: सेक्रेटरीने आपल्या मेहुण्याला सावलीतली जागा दिली, अमक्याने तमक्याला गाठलं. कुणीतरी म्हणालं, चिठ्ठ्या टाका; लगेच दुसऱ्याने विचारलं, चिठ्ठ्यांच्या घड्या कोण घालणार? मी उभी राहिले. म्हटलं, आमच्याकडे एक पद्धत आहे. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त साहेब राहतात, माझ्या बाल्कनीतल्या वाळत्या सुकटीवरून त्यांनी माझ्याविरुद्ध दोनदा अर्ज केला आहे, आणि आम्ही लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघत नाही. मी म्हटलं, एकेका जागेवर उभं राहून 'हा वाटा कुणाचा?' असं विचारतील ते साहेब, नावं घेईन मी. आमचं दोघांचं जमलेलं आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आत्ताच सांगावं.

लोक हसले. साहेबही हसले, नाइलाजाने.

मग मी तळमजल्यावरच्या भिंतीकडे गेले, ओढणी सारखी केली आणि सगळ्या सोसायटीकडे पाठ करून उभी राहिले. पाठ उघडी पडल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. मागून साहेबांच्या चपला वाजल्या, थांबल्या.

"हा कुणाचा?"

आमच्या घरातल्या पहिल्या बी.कॉम.ने छाती भरून श्वास घेतला, आणि पहिलं नाव असं घेतलं की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या.